काळी पाच

१३ जुलै, रविवार

सकाळी शशीनं पोह्यांची बशी पुढ्यात ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "दिवाळी पहाटेला मी तुझ्याबरोबर गाणार नाही. आत्ताच सांगते, म्हणजे मंडळाला वेळेवर कळवता येईल."

मी म्हटलं, "घसा धरलाय का?"

"घसा ठणठणीत आहे."

"मग झालं काय?"

"काही नाही झालं. नको वाटतंय." एवढं बोलून बाईसाहेब आंघोळीला गेल्या. पोहे बशीत तसेच गार झाले.

रेवा पोटात होती तेव्हापासून आमच्या मराठी मंडळात दिवाळी पहाटेचा शेवटचा नंबर आमचा. शशी गाणार, मी गिटारवर. 'उंबरठ्याशी ऊन थांबले' झाल्याशिवाय लोक फराळाला उठत नाहीत. हे गाणं शशीच्या आईनं रचलेलं, चालही त्यांचीच. बाहेर कुत्र्यालाही ठाऊक नाही, पण चेन्नईतल्या निम्म्या मराठी घरांत ते पाठ आहे. आणि ही म्हणते नको वाटतंय! रेवा पुण्याला शिकायला गेल्यापासून हिचं काहीतरी बिनसलंय. घर रिकामं झालं की बायकांचं असं होतं, असं ऑफिसात राममूर्ती म्हणत होता.

दिवसभर हॉल ते बाल्कनी येरझाऱ्या घातल्या. शेवटी शशी म्हणाली, "बस की जरा एका जागी." बसवतं कुणाला!

१५ जुलै, मंगळवार

ठरलं. हिनं गाणं सोडलंय तर सोडू दे. मी एकटा वाजवणार.

कंपनीच्या बसमध्ये राममूर्तीनं फोनवर दाखवलं. कुठला तरी टकलू गिटारवाला खुर्चीवर एकटाच बसलाय. चालही तोच वाजवतोय, खालचे साथीचे कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार स्वर, तेही तोच, मधूनच बेसची तारही तोच छेडतोय. डोळे मिटले तर वाटावं तिघं जण वाजवताहेत. जॅझवाले याला कॉर्ड मेलडी म्हणतात. गायक नको, कुणाच्या विनवण्या नकोत. माझ्यासाठीच काढलेला प्रकार हा!

इतकी वर्षं मी ठोकत आलोय ते साधे कॉर्ड. पण हाताला सवय आहे, कान तयार आहे. दोन महिने पुष्कळ झाले. अड्यारला चंद्रिका म्हणून बाई शिकवतात, पूर्वी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गिटार वाजवायच्या. फोन केला. म्हणाल्या, रविवारी या, नखं कापून या.

२० जुलै, रविवार

नाइटीवर ओढणी घेतलेल्या, साठीच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या बाईंनी दार उघडलं. मी मनात म्हटलं, ही जॅझ वाजवणार? मग त्यांनी गिटार घेतली आणि मी गप्प बसलो.

मला म्हणाल्या, "काय वाजवायचंय ते वाजवून दाखवा, सार." मी आमचं गाणं वाजवलं, चांगलं रंगात येऊन, सहाही तारा घुमवत. बाईंनी कॉफीचा घोट घेतला. "छान. आता गाणं वाजवा."

"हेच तर गाणं."

"ही साथ झाली. गाणं कुठाय?"

घ्या! मग त्यांनी एकच नियम सांगितला. सगळ्यांत वरचा स्वर गाण्याचा. बाकीचे सगळे त्याच्या खाली राहणार आणि त्याला धक्का लावणार नाहीत. करंगळी गाण्याला वाहिलेली, उरलेल्या बोटांनी काय ते जमवायचं. ऐकायला सोपं वाटलं. अख्ख्या तासात पहिली ओळसुद्धा झाली नाही. करंगळी म्हणजे माझ्या हाताला चुकून चिकटलेली वस्तू आहे असं आज कळलं.

घरी आल्यावर शशीनं विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "हात चांगला आहे म्हणाल्या." अगदीच खोटं नाही. छान म्हणाल्याच होत्या.

२६ जुलै, शनिवार

शशी हल्ली दर शनिवारी, हिच्या बँकेला सुट्टी असो वा नसो, दत्तोपंतकाकांकडे जाते. काका तंजावरचे मराठी, त्यांचे पूर्वज भोसल्यांबरोबर आलेले. रेल्वेतून निवृत्त झाले, मंडळाच्या भजनाला पेटी वाजवतात. त्यांचं मराठी ऐकताना मला मजा वाटते, तमिळच्या हेलात शिवकाळ बोलतोय असं वाटतं. ही तिथे त्यांच्या बायकोकडून, जयवंतीकाकूंकडून, डांगर पचडी म्हणजे उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर शिकत असावी. मी विचारलं नाही. तिचा जीव रमतोय ना, मग झालं.

आज संध्याकाळी आली ती गुणगुणतच. चपला काढताना, भाजी निवडताना, आमचंच गाणं. बरं वाटलं मला. पण ऐकतो तर पट्टी भलतीच! आमचं गाणं पहिल्यापासून पांढरी पाचमध्ये, म्हणजे गिटारच्या G मध्ये. तिथे मोकळ्या तारा काय सुरेख घुमतात. ही गुणगुणत होती त्याच्या बरंच वर. रियाज सुटला की सूर असा भरकटतो. मी प्रेमानं सांगितलं, "अगं, चढलीस तू."

तिनं गुणगुणणं बंद केलं.  आता यात राग येण्यासारखं काय होतं?

३ ऑगस्ट, रविवार

चंद्रिकाबाई माझे स्वर काढून घेताहेत. सहा तारांच्या कॉर्डमधून आधी एक काढला, मग दुसरा, आता तीन तारा उरल्यात. आज म्हणाल्या, कॉर्डचा मूळ स्वरही सोडा. मी म्हटलं, "मॅडम, मग उरलं काय?" त्या म्हणाल्या, "गाणं उरलं, सार."

तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण वय बघून गप्प राहिलो. वर आणखी म्हणाल्या, म्हणून दाखवा. मी ला-ला-ला केलं. "शब्द?" पहिलं कडवं म्हटलं. दुसरं येईना. दर दिवाळीला वाजवलेलं गाणं आणि दुसऱ्या कडव्याचा एक शब्द आठवेल तर शपथ! तिथे मला फक्त कॉर्ड आठवतात. G, C, D, पुन्हा G.

"शब्द नाहीत तर श्वास कुठे ते कसं कळणार? श्वासाच्या जागी गिटारही थांबली पाहिजे."

घरी येऊन शशीला शब्द विचारले. ती कणीक मळत होती. तशीच, वर न बघता, तिनं तिन्ही कडवी सांगितली. श्वास कुठे ते विचारल्यावर मात्र हात थांबले तिचे.

"हे आत्ता कशाला हवंय तुला?"

"टीचरनं विचारलंय."

"टीचरनं," असं म्हणाली आणि पुन्हा कणीक मळायला लागली. बायकांच्या मनात काय चालतं ते त्या परमेश्वरालाच ठाऊक.

९ ऑगस्ट, शनिवार

डाव्या हाताचा अंगठा सुजलाय. शशी अड्यारला, दत्तोपंतकाकांकडे. घर खायला उठतं. गिटार उचलली, ठेवली, परत उचलली. फ्रिज उघडून नुसता उभा राहिलो. रेवाला फोन केला तर म्हणते, "बाबा, तुम्ही आईला विचारलंत का, का गाणार नाही ते?" म्हटलं विचारलं की, नको वाटतंय म्हणाली. रेवा म्हणाली, "आणि तुम्ही सोडून दिलंत." हल्ली पोरीसुद्धा कोड्यात बोलायला लागल्यात.

२४ ऑगस्ट, रविवार

आज बाईंचं आणि माझं चांगलंच वाजलं.

गाणं सुरू होतं खालच्या धैवतावर. G मध्ये तो स्वर येतो पार जाड तारेवर. चाल खाली गेली की तिच्या खाली कॉर्ड लावायला जागाच राहत नाही आणि वर लावावे तर ती त्यांच्यात बुडून जाते. बाई म्हणाल्या, "तुमचं गाणं तळघरात बसून गातंय, सार. वर आणा."

मी म्हटलं, "जमणार नाही. आम्ही नेहमी यातच करतो."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि बायको. ती गाते. म्हणजे, गायची."

"तिला लागतात हे खालचे सूर?"

खरं ते सांगितलं. तिथे तिचा आवाज जातो, नुसती हवा येते. पण मी आहे ना शेजारी. तिथे मी जरा जोर लावून वाजवतो, भरून काढतो, लोकांना कळतसुद्धा नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं, "अय्यो" म्हणाल्या आणि उठून खिडकी लावून आल्या. खिडकीतून काही येत नव्हतं. मग बसून म्हणाल्या, "बी फ्लॅट."

बी फ्लॅट! पेटीवरची काळी पाच. गिटारवाल्याला विचारा हे काय प्रकरण आहे ते. मोकळी तार म्हणून हाताला लागत नाही, दर कॉर्डला बोट आडवं टाकून दाबायचं. लोक अशा वेळी पट्टी चढवायला गिटारच्या मानेला कॅपोची चिमटी लावतात, मी आयुष्यात लावली नाही, मला ती कुबडी वाटते. आणि जॅझवाल्यांना म्हणे बी फ्लॅट म्हणजे स्वतःचं घर. असेल बाबा. मी आपला परक्याच्या घरात अंधारात चाचपडतोय.

पण एक आहे. पहिली ओळ वर आणून वाजवली आणि ती ऐकू आली. एवढंच लिहितो.

६ सप्टेंबर, शनिवार

या आठवड्यात दोनदा सोडून द्यायचं ठरवलं. ऑफिसात मीटिंग चालू असताना टेबलाखाली मांडीवर बोटं चालत होती, साहेबानं विचारलं, "एनी प्रॉब्लेम, उपेंद्र?" रात्री झोपेतही करंगळी उडते असं शशी म्हणते.

मंडळाच्या सेक्रेटरीबाई कीर्ती यांचा फोन आला. कार्यक्रमाचा क्रम ठरवताहेत. मी सांगितलं, या वर्षी मी एकटा, नुसती गिटार. त्या म्हणाल्या, "हो हो, आणि शशीताईंचं तर..." आणि थबकल्या. "तुम्हाला माहीतच असेल."

म्हटलं, माहीत आहे, ती गाणार नाही. त्या म्हणाल्या, "बरं, मी नंतर बोलते," आणि ठेवला फोन. या बाईंना एक वाक्य धड पूर्ण करता येत नाही, आणि या म्हणे सेक्रेटरी.

संध्याकाळी दुसरं कडवं वाजवत होतो. शशी दारात उभी राहिली. म्हणाली, "आता गाण्यासारखं वाटायला लागलंय."

"आधी काय वाटायचं?"

ती कपडे काढायला गच्चीवर गेली. आभाळ कोरडं ठक्क होतं आणि कपडे ओलेच होते, तासाभरापूर्वी मीच वाळत घातले होते.

२७ सप्टेंबर, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

पावसाची भुरभुर होती आणि रिक्षा मिळत नाहीत म्हणून शशीला आणायला मीच अड्यारला गेलो. दत्तोपंतांकडे कोलू मांडलाय. इथे नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, बायका एकमेकींकडे बघायला जातात आणि जी येईल तिनं बाहुल्यांसमोर एक गाणं म्हणायचंच. नाही म्हणण्याची सोय नाही. गळा नसला तरी चालतं, म्हटल्याशिवाय सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, मिळत नाही.

जिना चढून वर गेलो तर दार अर्धं उघडं. बाहेर चपलांचा ढीग. बेलवर बोट ठेवणार तेवढ्यात आतून आवाज आला. 'उंबरठ्याशी ऊन थांबले.' माझी शशी गात होती.

पेटी अगदी हलकी, मागे मागे. आणि तो पहिला स्वर, खालचा, जिथे तिची नेहमी हवा जाते, तो भरलेला. पूर्ण. गाभाऱ्यातल्या समईसारखा स्थिर. मला वाटलं दुसरीच कुणी बाई गातेय. कडव्याला वर गेली तरी कुठे ताण नाही. आतल्या बायका चिडीचूप. मी चपलांमध्ये उभा. गाणं संपेपर्यंत हललो नाही, आणि संपल्यावर बेल न वाजवता जिना उतरून परत आलो.

मत्सर वाटला. सरळ लिहितो. त्या म्हाताऱ्याचा, त्याच्या पेटीचा, त्या पायऱ्यांवरच्या बाहुल्यांचासुद्धा. गाणं सोडलं म्हणाली होती ना? माझ्याशी खोटं? आणि असं गायचं, इतकं चांगलं, माझ्यामागे?

घरी येऊन गिटारवर ती पट्टी शोधली. कानात अजून होती. एकेक स्वर लावत गेलो आणि बोटं थांबली बी फ्लॅटवर. काळी पाच. माझी काळी पाच! आठवडेच्या आठवडे बोटं फोडून घेतोय ती. ही हिला सांगितली कुणी?

शशी आली तेव्हा ओली झाली होती. "आला नाहीस घ्यायला?" मी म्हटलं, ऑफिसचा फोन आला. आणि झोपायला गेलो, साडेआठला.

२८ सप्टेंबर, रविवार

क्लासला जाण्याआधी दत्तोपंतांकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू. जयवंतीकाकूंनी बाहुल्यांसमोर बसवलं, सुंडल दिलं. गरम सुंडल हातात असताना भांडता येत नाही.

मी म्हटलं, "काका, शशीला काळी पाच तुम्ही सांगितलीत?"

काका हसले. "मी कोण सांगाला, हो? पहिल्यांदा आली तेव्हा मी विचारलो, तुझी पट्टी कोणती गे, म्हणून. पेटीवाला दुसरं काय विचारणार? ती म्हणाली, ठाऊक नाही काका. मी म्हटलो, असं कसं गे, इतके वर्ष गातेस की! तर म्हणाली, मला कोणी विचारलंच नाही."

मी सुंडलकडे बघत राहिलो.

"मग काय कराचं? एकेक पट्टी दाबून पाहिलो. पांढरी पाच, नको. काळी चार, बरं. पांढरी सहा, बरं. काळी पाचला आली आणि गायली की! गायली आणि रडली. जयवंती घाबरली, काय झालं पोरीला म्हणून."

काकू आतून म्हणाल्या, "अस्कं, सगळं बरं आहे म्हणाली. नुसतंच रडू आलं म्हणाली."

उठलो. क्लासला गेलो नाही. बेसंटनगरच्या समुद्रावर गेलो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो, बूट हातात घेऊन, भर उन्हात. एक भजीवाली मला बघून हसायला लागली. कोणी विचारलंच नाही. आता हे काय विचारायचं असतं? सगळे गिटारवाले G मध्ये वाजवतात. तीही बोलू शकत होती ना? तोंड नव्हतं तिला?

बोलली असेल का कधी?

५ ऑक्टोबर, रविवार

दुपारी हॉलमध्ये बसून गाणं वाजवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काळी पाचमध्ये. तीन तारांवर, श्वासाच्या जागी थांबत. चुका झाल्या. शशी स्वयंपाकघरातून येऊन समोरच्या खुर्चीवर बसली.

मी म्हटलं, "मी त्या दिवशी आलो होतो. कोलूच्या दिवशी. दाराबाहेर होतो."

"माहीत आहे. काकूंनी तुला जिना उतरताना बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते, तू काय बोलतोस याची. आठवडा झाला."

मी विचारलं, "ये ना, यात गा माझ्याबरोबर. पहाटेला."

"नाही, उपेंद्र. काकांना शब्द दिलाय. शेवटचा नंबर मी त्यांच्याबरोबर गाणार आहे. तुला सांगायचं राहत गेलं." मग तिचा आवाज चढला. गेल्या कित्येक वर्षांत चढला नव्हता. "दर वर्षी पहिली ओळ आली की माझा आवाज खाली पोचायचा नाही आणि तू लगेच गिटार बडवायला लागायचास. मला वाटायचं माझाच गळा तोकडा आहे. आई हे गाणं इतकं सहज म्हणायची, आणि मला तिची मुलगी असून येत नाही. आईला जाऊन दहा वर्षं झाली, तेव्हापासून दर दिवाळीला हेच वाटत आलंय मला. आणि काकांनी दोन मिनिटांत शोधलं. दोन मिनिटांत!"

मी म्हटलं, "मला वाटायचं मी तुला सांभाळून घेतोय."

"हो ना. तेच तर." आणि ती रडायला लागली, आणि मला तिच्याजवळ जाता येईना, कारण मांडीवर गिटार होती. ती बाजूला ठेवायलाही मला सुचलं नाही. लिहिताना कळतंय ते.

१२ ऑक्टोबर, रविवार

कीर्तीबाईंना फोन करून माझा नंबर काढून टाकायला सांगितला. चंद्रिकाबाई चिडल्या. "मग एवढं शिकलात कशाला?" मी म्हटलं, "दोनदा तेच गाणं कशाला, मॅडम? ती गाणार आहे." त्या म्हणाल्या, "रुसून सोडताय का?"

थोडं रुसूनच. दुसरं काय ते मला धड सांगता आलं नाही. मग त्यांनी फार काही विचारलं नाही, तिसऱ्या कडव्यातला एक कॉर्ड दुरुस्त करून दिला, जणू मी तो वाजवणारच आहे.

शशी बोलते, जेवायला वाढते, हसतेसुद्धा. पण काहीतरी अजून दोघांच्या मध्ये बसलंय. रात्रभर कूस बदलतो. ही माझ्याबरोबर पुन्हा कधी गाईल का, हे विचारायची माझी हिंमत होत नाही. कंपनीच्या क्वालिटी खात्यात आयुष्य गेलं, शेकडो पुरवठादारांना उभं-आडवं विचारलं, आणि घरात हे एक विचारता येत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी पहाट झाली. इथली दिवाळी उद्या, पण मंडळाची पहाट सुट्टीच्या दिवशीच असते. अभ्यंगस्नान, उटणं, सगळं उरकून पाचला हॉलवर. पहिल्यांदाच गिटारची पेटी न घेता गेलो. हात मोकळे, त्यांचं काय करावं कळेना. वाटेत तीन जणांनी विचारलं, "आज गिटार कुठाय?" मी सांगितलं, घरी झोपलीय.

तिसऱ्या रांगेत बसलो. शेवटचा नंबर आला. दत्तोपंतकाका धोतर सावरत पेटीमागे बसले. शशी हिरव्या नऊवारीत. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी मांडीखाली हात दाबून ठेवले, नाहीतर ते आपोआप कॉर्ड धरायला लागतात.

आणि ती गायला लागली.

मी तिला समोरून कधी ऐकलंच नव्हतं. कायम शेजारी, अर्धा पाऊल मागे, कानात माझीच गिटार. गाताना तिची डावी भुवई वर जाते हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या कडव्याआधी ती श्वास घेते तेव्हा सबंध हॉल तिच्याबरोबर थांबतो हेही नाही. त्या थांब्यात मी दर वर्षी ठणाठण G वाजवत आलोय. खालचा स्वर आला, सहज आला, आणि पुढच्या रांगेतल्या एका आजींनी डोळे पुसले. मलाही रडू आलं. बायकोचं गाणं ऐकून लोकांच्या देखत नाक शिंकरायची वेळ आली माझ्यावर.

फराळाला सगळे तिच्याभोवती. "शशीताई, या वर्षी काय वेगळंच!" कुणीतरी मला म्हणालं, "तुमची साथ मिस झाली हो." मी चकली तोंडात घातली.

गाडीत ती दमून डोळे मिटून बसली होती. अण्णा नगरचा सिग्नल लागला तेव्हा बोललो. "शशी, मला तुझ्याबरोबर वाजवायचंय. तुझ्या पट्टीत. तू म्हणशील तेव्हा. नाही म्हणालीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण चालवून घेईन."

तिनं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "आधी काही दिवस नुसतं ऐक."

२६ ऑक्टोबर, रविवार

आज क्लास नाही, चंद्रिकाबाई मदुराईला गेल्यात. रेवा दिवाळीचे चार दिवस राहून काल परत गेली. घर पुन्हा शांत.

चहा झाल्यावर शशी हॉलमध्ये चटईवर बसली. फोनवर तंबोरा लावला, काळी पाच. घरात बसून ती गायला बसलीय असं शेवटचं कधी झालं होतं, मला आठवत नाही. गिटार भिंतीला टेकवलेली होती, माझ्या हातापासून फूटभर. पंख्याच्या वाऱ्यानं तिची एक तार हळूच वाजली. मी उठून तारांवर रुमाल टाकला आणि येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसलो. पाय आखडले. मांडी बदलावीशी वाटली, बदलली नाही.

तिनं आईचं गाणं म्हटलं. तिन्ही कडवी. दुसऱ्या कडव्यात एक जागा चुकली, मला कळली, तिलाही कळली. मी काही बोललो नाही.

संपल्यावर तिनं तंबोरा बंद केला नाही. माझ्याकडे बघत बसली. मी काय सांगणार याची वाट बघत होती, दर वेळी मी काहीतरी सांगतच आलोय.

मी म्हटलं, "परत म्हण ना."

तिनं परत म्हटलं.